उताराला कोणता घोडा?

आमच्या धंद्यात ट्रेलरच्या पुढच्या, इंजिनवाल्या भागाला घोडा म्हणतात. चाकण पट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांचा फार घोटाळा होतो. एकदा मी घरून फोनवर सांगत होते, "लाल घोडा तापलाय, त्याला आज कुठे पाठवू नका. पांढऱ्याला पाणी दाखवा आणि दुपारी जुंपा." शेजारच्या खोलीत माझी नणंद बसली होती. तिने माझ्या नवऱ्याला हळूच विचारलं, "वहिनी ऑफिसला जाते म्हणून सांगते, ती रेसकोर्सवर जाते का रे?" नवरा म्हणाला, "जाते तर यार्डातच, पण तिथे काय चालतं ते मलाही नीट माहीत नाही."

तेव्हा आधी तेच सांगते. भोसरीतल्या एका कारखान्यात मी सुट्या भागांची तपासणी करत होते. तिथून मोशीच्या पुढे असलेल्या अण्णांच्या ट्रेलरच्या यार्डात आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. काम सांगायला सोपं होतं. कुठला माल कुठल्या ट्रेलरवर चढवायचा आणि त्या ट्रेलरला कुठला घोडा जोडायचा, हे ठरवायचं. यार्डात याला जोड लावणं म्हणतात. लग्नं जुळवणाऱ्या बायका असतात ना, तसंच काहीसं. फरक एवढाच, की माझी जोडी बिघडली तर ती रस्त्यावर बिघडायची आणि तिच्यात एक माणूस बसलेला असायचा.

या कामातली मूळ गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. ओढायला ताकद लागते आणि थांबवायला वजन लागतं. भरलेला ट्रेलर चढावर असतो तोवर घोडा त्याला ओढतो. उतार लागला की ट्रेलर घोड्याला ढकलायला लागतो. भरलेली हातगाडी उतारावरून नेणाऱ्या माणसाकडे बघा, तो पुढे चालतो पण त्याचं सगळं लक्ष पाठीमागे असतं. घोडा स्वतः हलका असेल, मागच्या एकाच धुरीला, म्हणजे चाकांच्या आसाला, इंजिनाचा जोर असेल आणि इंजिन मात्र मोठं असेल, तर तो माल ऐटीत वर चढवतो आणि खाली उतरवताना हात वर करतो. म्हणून घोडा निवडताना मी इंजिनाची ताकद सगळ्यात शेवटी बघायची. आधी घोड्याचं स्वतःचं वजन, मग किती धुरींना जोर आहे, मग ब्रेक, आणि मग रस्ता. रस्ता म्हणजे त्यात घाट आहे का, आणि तो चढायचा आहे की उतरायचा.

अजून एक. गाडीवर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर एकूण किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. लोक मालाचं वजन बघतात आणि खूश होतात. ट्रेलरचं स्वतःचं वजन, साखळ्या, खालच्या लाकडी ओंडक्यांचं वजन कुणाच्या हिशेबात नसतं. ‘एवढ्यानं काय व्हतंय’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की ते कुणी म्हणालं की मी पेन खाली ठेवायची आणि चहा मागवायची, कारण आता वेळ लागणार हे नक्की असायचं.

यार्डाच्या बाहेरचेही लोक सल्ल्याला यायचे. मोशीतलाच एक शेतकरी ट्रॅक्टरला पाण्याची टाकी जोडून नव्या सोसायट्यांना पाणी पुरवायचा. त्याला मोठी टाकी घ्यायची होती. मी म्हटलं, घे, पण आधी ट्रॅक्टर वजनदार घे, टाकीला स्वतःचे ब्रेक बसव आणि आतमध्ये आडव्या भिंती घालून घे. तो म्हणाला, "मग अर्धीच भरून नेतो की, ताई. वजन बी कमी आन् भ्या बी न्हाई." मी त्याला कळशीभर पाणी आणि अर्धी कळशी पाणी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईची आठवण करून दिली. अर्ध्या कळशीचं पाणी हिंदकळतं आणि मान धरून ओढतं. हे त्याला लगेच पटलं, कारण त्याची आई विहिरीवरून पाणी आणायची.

दुसरा पुनावळ्याचा एक तरुण, संगणकाच्या कंपनीत नोकरीला. त्याने परदेशातले व्हिडिओ बघून भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून चाकांवरची छोटी खोली बनवून घेतली होती. आत पलंग, ओटा, बाहेर छत्री. ती आपल्या छोट्या गाडीला जोडून त्याला कोकणात जायचं होतं. तो आकडे पाठ करून आला होता, आणि आकडे बरोबर होते. फक्त सगळे ओढण्याचे होते. मी विचारलं, "ताम्हिणी उतरताना हिला थांबवणार कोण?" तो म्हणाला, "याचा व्हिडिओ कुणी टाकत नाही." माणूस समजूतदार होता. त्याने हट्ट केला नाही. ती खोली आता त्याच्या सोसायटीच्या फाटकाशी उभी आहे आणि तिच्यात वॉचमन बसतो. छत्रीसकट.

त्या तरुणाला एका प्रश्नात समजलं, आणि आमच्या अण्णांना समजवायला मला एक अख्खा ट्रेलर उतारावर न्यावा लागला. त्याची गोष्ट सांगायची आहे.

अण्णा म्हणजे आमचे मालक. चाकणच्या बाजूचे शेतकरी. जमीन कारखान्यांकडे गेली तेव्हा अनेकांनी बंगले बांधले, अण्णांनी ट्रेलर घेतले. पण गोठा मोडला नाही. गोठ्यात शर्यतीचे बैल होते आणि अण्णांचा अर्धा जीव तिथे असायचा. आमच्याकडे बैलगाड्याची शर्यत चढावर होते. त्या चढाला घाट म्हणतात आणि एका धावेला बारी. बैल घाट चढून वर मोकळ्या रानात जातात आणि तिथे पळता पळता दमून थांबतात. त्यांना थांबवायची वेगळी विद्या कुणी शिकत नाही. त्यामुळे आमच्या भागात जनावर असो की यंत्र, त्याची पारख ओढीवर होते. किती जोरात ओढतो एवढंच सगळे बघतात.

अण्णांनी नवा घोडा घेतला तेव्हाही तेच झालं. चकचकीत निळा, आत गारेगार, डिझेल कमी पिणारा, आणि ताकद अशी, की बघत राहावं. त्याला भरलेला ट्रेलर जोडून यार्डामागच्या चढावर बारी लावली. गावातली मंडळी जमली, भंडारा उधळला गेला, अण्णा स्वतः हातात घड्याळ घेऊन वर उभे. घोडा भर्रकन चढला. अण्णांनी त्याच्या बॉनेटवर हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. मलाही तो आवडला होता, खोटं का बोलू. सपाटीवरच्या मालाला असा घोडा दुसरा नव्हता.

तेवढ्यात चाकणच्या एका कारखान्याचं काम आलं. पत्रा दाबणाऱ्या मोठ्या यंत्राचा मुख्य सांगाडा, एकसंध लोखंड, खंडाळ्याचा घाट उतरून बंदरावर पोचवायचा. अण्णांनी मला न विचारता शर्यतीच्या घाटात चार लोकांत सांगून टाकलं, की हा माल निळा घोडा नेणार आणि इस्माईल चालवणार.

इस्माईलभाई आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. चाकणचेच. त्यांचे वडील अण्णांच्या विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करायला यायचे, तेव्हापासूनची दोघांची दोस्ती. इस्माईलभाईंच्या मुलीच्या लग्नात अण्णा मांडवाच्या दारात उभे राहून पाहुण्यांना आत घेत होते, आणि पाहुणेमंडळी अण्णांनाच मुलीचा काका समजत होती. अण्णांनी सांगावं आणि इस्माईलभाईंनी गाडी काढावी, यात मध्ये कधी कुणी आलं नाही.

इथे आमच्या यार्डातली एक रीत सांगायला हवी. ड्रायव्हर कधी ‘जमणार नाही’ म्हणत नाही. अवजड ट्रेलरवरच्या माणसाने तसं म्हणणं म्हणजे त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापणं. मग मनात धाकधूक असली की तो काय करतो? त्याचा सासरा आजारी पडतो. वडील नाहीत, आई नाही, बायको तर नाहीच नाही. त्यांची नावं घेतली तर अपशकुन होतो. सासऱ्याचं चालतं. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, या लोकांनी सगळ्या मुली नाजूक प्रकृतीच्या घरांतून केल्यात की काय. पुढे उमगलं. कुणाचा सासरा आजारी पडला, की मी रजा देण्याआधी जाऊन त्याची जोड तपासायची. दरवेळी काहीतरी सापडायचंच. घोडा हलका, नाहीतर ब्रेक घासलेले, नाहीतर माल एका बाजूला चढवलेला. मी जोड बदलायची आणि सासरा संध्याकाळपर्यंत खडखडीत बरा व्हायचा. यावर कधी कुणी कुणाशी बोललं नाही. झाकली मूठ सगळ्यांनाच सोयीची होती.

निळ्या घोड्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी इस्माईलभाई माझ्या टेबलासमोर उभे राहिले. टोपी काढून हातात घेतलेली.

"ताई, सासऱ्यांची तब्येत जरा बरी न्हाई. जुन्नरला जाऊन यावं म्हणतो."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. त्यांचे सासरे वारले तेव्हा भेटायला मी आणि अण्णा बरोबरच जुन्नरला गेलो होतो.

"इस्माईलभाई," मी म्हटलं, "तुमचे सासरे..."

त्यांनी हातातली टोपी फिरवली. "व्हय," ते म्हणाले. "ते बी हाय."

इतक्या वर्षांत या माणसाचा सासरा एकदाही आजारी पडला नव्हता. म्हणजे ही सबब त्यांना वापरताच येत नव्हती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी त्यांना बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं.

"घोडा चांगला हाय, ताई," ते म्हणाले. "पन ह्यो माल त्याच्या पाठीवर बसंल, त्याच्या हातात ऱ्हानार न्हाई. खंडाळ्याच्या वळनाला मला ढकलून देईल."

"मग अण्णांना सांगा."

"अण्णानं चार मानसांत सांगितलंय, इस्माईल नेणार म्हणून. आता मी न्हाई म्हणलो तर अण्णाचं तोंड कुठं ऱ्हायलं?"

"आणि मीही अण्णांना काही सांगितलं नाही तर?"

"मग नेईन की," ते म्हणाले. इतक्या साधेपणाने, की मला त्यांचा रागच आला.

मी तडक अण्णांकडे गेले. इस्माईलभाईंचं नाव घेतलं नाही. वजनं मांडली. माल, ट्रेलर, साखळ्या, सगळं.

"पत्र्यावर लिवलंय त्यात बसतंय का न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"काठावर बसतंय."

"काठावर म्हंजी आतच की."

"सपाटीवर आत, अण्णा. घाट उतरताना नाही. याला जुना दोन धुरींचा घोडा लागेल, आणि घाटात मागून धरायला अजून एक."

"जुना घोडा कारखान्याच्या दारात उभा करू? त्याचा रंग तरी बघितला का, ताई? आन् मागून धरायचं म्हंजी काय, म्हातारा हाय का त्यो?"

"मी ही जोड लावणार नाही."

"मग मी लावतो," अण्णा म्हणाले. ते रागावले नव्हते. मालक होते आणि गावात शब्द देऊन बसले होते.

वाद घालून उपयोग नव्हता. अण्णांना शब्द पटायचे नाहीत, बारी पटायची. मी म्हटलं, "अण्णा, चढाची बारी तुम्ही बघितली. आता उताराची बघू. निळा घोडा पास झाला तर मी स्वतः नारळ फोडते."

अण्णांचे डोळे चमकले. शर्यतीला त्यांनी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं.

मोशीच्या एका बंद खाणीचा रस्ता आम्ही मागून घेतला. दोन्ही तोंडांना माणसं उभी करून तो अडवला. ट्रेलरवर सिमेंटचे ठोकळे चढवले, खऱ्या मालापेक्षा बरेच कमी. उताराच्या मध्यावर मी फक्कीची रेघ ओढली. सगळ्यात खालच्या गिअरमध्ये यायचं आणि त्या रेघेवर थांबायचं, इतकंच. रेघेच्या पुढे मुरमाचा भलामोठा ढीग टाकून घेतला. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं, आणि निघायच्या वेळी अण्णा चपला सावरत निळ्या घोड्याच्या केबिनमध्ये चढले.

"अण्णा, खाली या," मी ओरडलेच.

"मालक खाली आन् इस्माईल वर, कसं दिसंल ते?" अण्णा हसत म्हणाले आणि दार लावून घेतलं.

इस्माईलभाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. स्वतःसाठी ते घाबरले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. अण्णा शेजारी बसल्यावर घाबरले.

सुरुवातीला सगळं छान होतं. घोडा गुरगुरत, अगदी शहाण्यासारखा उतरत होता. रेघ आली. इस्माईलभाईंनी ब्रेक दाबला. घोड्याची चाकं जागच्या जागी थांबली, आणि ट्रेलर थांबला नाही. चाकं न फिरताच घोडा खडीवरून घसरत पुढे आला. मग त्याचा मागचा भाग एका बाजूला सरकायला लागला आणि केबिनचं तोंड हळूहळू ट्रेलरकडे वळायला लागलं. कात्री मिटते तसं. ती पुरती मिटली असती तर केबिन त्यात चिरडली असती. त्या क्षणी कुठलाही माणूस ब्रेक अजून जोरात दाबेल. इस्माईलभाईंनी तो सोडला. चाकं फिरली, घोडा सरळ झाला, आणि तो दोघांना घेऊन थेट मुरमाच्या ढिगात घुसला.

धूळ उडाली, काही दिसेना. मी साडीचा पदर तोंडाला लावून धावत गेले. त्या वयात इतकी धावले, की दोन दिवस गुडघे धरून बसले. पोचले तेव्हा दोघं खाली उतरले होते. अण्णांच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. ते एका दगडावर बसले आणि कितीतरी वेळ घोड्याकडे बघत राहिले. शर्यतीत हरलेल्या बैलाकडे ते कधी असे बघायचे नाहीत, त्याला पाणी पाजायचे. घोड्याला काय करावं, ते त्यांना कळेना.

मग त्यांनी वर बघितलं. "इस्माईल, तुला ठावं हुतं?"

इस्माईलभाईंनी डोक्यावरची टोपी काढली.

"ठावं हुतं का?"

"व्हय."

"आन् तू खंडाळ्याला नेनार हुतास?"

"तुमी सांगितलं हुतं."

"मला का न्हाई बोललास?"

इस्माईलभाईंनी टोपीची धूळ झटकली. मग पुन्हा झटकली. "अण्णा, तुमाला न्हाई म्हणायचं मला येतच न्हाई. लहानपणापासून कधी म्हणलोच न्हाई."

अण्णांचा चेहरा असा पडला, की मी दुसरीकडे बघायला लागले. मालकीण म्हणून नव्हे, पण इतकी वर्षं मीही त्याच यार्डात खुर्चीवर बसले होते. माणसं सासऱ्याच्या आडून बोलतात, हे मला माहीत होतं. ते सोयीचं होतं, म्हणून मी त्यांना कधी समोरून बोलायला लावलं नाही. त्याची खंत मला अजून आहे.

"मग आता म्हण," अण्णा म्हणाले.

"काय?"

"न्हाई म्हण. माज्याकडं बघून म्हण."

"अण्णा, आता कशाला? झालं की ते."

"म्हण."

इस्माईलभाईंनी टोपी डोक्यावर घातली. हसायचा प्रयत्न केला. माझ्याकडे बघितलं. मी म्हणा अशी मान डोलावली. आयुष्यभर घाटांतून ट्रेलर उतरवलेला हा माणूस एका शब्दासाठी घामाघूम झाला होता. शेवटी त्यांनी अण्णांच्या डोळ्यांत बघितलं. स्वतःचे भरून आलेले डोळे त्यांनी पुसले नाहीत.

"न्हाई, अण्णा," ते म्हणाले. "ह्यो घोडा ह्या मालाला जमनार न्हाई. मी नेनार न्हाई."

"मग न्हाई न्यायचा," अण्णा म्हणाले आणि उठले.

माल जुन्या घोड्याने नेला. इस्माईलभाईच होते, मागून धरायला दुसरा घोडा होता, आणि घाट उतरल्यावर त्यांनी मला फोन केला तेव्हा ते कणीस खात होते. निळा घोडा सपाटीच्या कामाला लावला आणि तिथे तो राजासारखा राहिला. पण गावात व्हायची ती चर्चा झालीच. पुढच्या शर्यतीला मी घरच्यांबरोबर गेले होते, अण्णा बैलांपाशी उभे होते. त्यांचा एक जुना प्रतिस्पर्धी, त्याचंही ट्रेलरचं यार्ड होतं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय अण्णा, नव्या घोड्यानं माल नेनार हुतात ना? का दमच न्हाई त्याच्यात?"

चार माणसं हसली. मला वाटलं आता अण्णा चिडणार. अण्णांनी बैलाच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"इस्माईल न्हाई म्हणला, म्हणून न्हाई नेला," ते म्हणाले. "तुज्या यार्डात हाय का कुनी, तुला न्हाई म्हणनारा?"